निळ्याचं शेवटचं शहर

३ जानेवारी

आलो बाई एकदाचे! टेम्पोवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच सामान उतरवून हात वर केले, मग कपाटापासून कुंड्यांपर्यंत सगळं आम्हीच वाहिलं. भिंगरीने वाटभर डोकं खाल्लं होतं. जिना किती पायऱ्यांचा, खिडकी कुणाची, गॅलरीत झोपाळा आहे का. माझी आठ वर्षांची पोर, पण प्रश्न वकिलाचे.

घर अरुंद आणि उंच आहे. तळाला यांचा खोक्यांचा कारखाना: पुठ्ठा कापायचं मशीन, घडी पाडायचं मशीन, खळीचे डबे. वर स्वयंपाकघर आणि मधली खोली, त्यावर झोपायच्या खोल्या. माणसं मोजकीच. सासूबाई, थोरले भावोजी, त्यांची सतरा वर्षांची मुलगी आणि माझा नवरा. भावोजींची बायको कुठे दिसली नाही, पण पहिल्याच दिवशी कसं विचारायचं म्हणून तोंड आवरलं. मला ते जड जातं. अकरा वर्षं वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसलेली बाई आहे मी. लोकांनी शिव्या घालायच्या आणि मी त्यांना हसवून घरी पाठवायचं. नवराही तिथेच भेटला, मीटरची तक्रार घेऊन. छत्तिसाव्या वर्षी दुसरं लग्न करतेस म्हणून मैत्रिणींनी वेड्यात काढलं होतं. काढू देत.

आणि आता ऐका. हे अख्खं घर एक खेळ खेळतं! पाचला मशीन बंद झाली, सगळ्यांनी हात धुतले आणि मधल्या खोलीत जमले. मला वाटलं चहा. चहा होताच, पण टीव्हीला जोडलेला एक जुनाट कॉम्प्युटरही होता आणि पडद्यावर मोठ्ठा नकाशा. डोंगर, समुद्र, नद्या, रंगीबेरंगी राज्यं. गावं वसवायची, रस्ते बांधायचे, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर त्याच्यावर सैन्य न्यायचं. रोज प्रत्येकाची एकच खेळी. सोळा वर्षं हाच डाव चालू आहे म्हणे, आता कुठे तोफांपर्यंत पोचलेत. एकजण खेळत असला की बाकीच्यांनी खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचं, कुणाचं गुपित कुणाला दिसायला नको. तीन-तीन मोठी माणसं शाळेतल्यासारखी भिंतीकडे बघत चहा पितायत! मला हसू आवरेना.

सासूबाई पांढऱ्या, भावोजी काळे, पुतणी पिवळी, नवरा हिरवा. मला निळा रंग मिळाला. नवऱ्याने त्याच्या राज्यातली दोन गावं मला आहेर म्हणून दिली. इतका आवडलाय हा प्रकार! बाकीच्या घरांत जो तो आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसून बसलेला असतो.

६ जानेवारी

खेळ वाटतो तितका सोपा नाही. नुसती गावं वसवत सुटलं तर प्रजा कुरकुरते आणि राखायला सैन्य पुरत नाही. नुसतं सैन्य पोसलं तर शेतं ओस पडतात. नुसते तह केले तर बाकीचे तुम्हाला मऊ समजतात. तिन्ही गोष्टींचा तोल सांभाळायचा. माझा भरवसा जिभेवर. सासूबाईंशी लोखंडाच्या बदल्यात मिठाचा सौदा केला, पुतणीशी तह केला, आणि कुणाचं लक्ष नाही बघून नदीकाठी तिसरं गाव वसवलं.

गाव वसल्याबरोबर सासूबाईंनी मला गॅलरी दिली. म्हणजे काय, तर गावामागे घरातली एक जागा. आहेरातलं पहिलं गाव म्हणजे जेवणाच्या टेबलावरची माझी खुर्ची, दुसरं म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. पटावर होतं तेच घरात होतं, असा इथला नियम आहे, आणि तो त्यांनी मला फार कौतुकाने समजावून सांगितला. बरं झालं की. निदान कोणती फळी कुणाची यावरून रोज कटकट नको.

तळाला कारखान्यात एक बाई दिसली. चाळिशीच्या पुढची, कोपऱ्यात बसून खोक्यांना खळ लावत होती. कामाला असेल म्हणून मी नमस्कार केला, आपण कुठल्या वगैरे विचारलं. तिने मान वर केली नाही. वर येऊन सासूबाईंना विचारलं की खळ लावणाऱ्या बाई ऐकायला कमी येतात का. त्यांनी विचारलं, कुठल्या बाई?

११ जानेवारी

चौथं गाव वसवलं. कपाटाचा वरचा खण मिळाला. परवा भावोजींनी खुली सरहद्द मागितली, त्यांचं सैन्य माझ्या राज्यातून जाऊ द्यायचं. कशाला वाईटपणा घ्या, म्हणून दिली. संध्याकाळी ते सरळ आमच्या खोलीतून गॅलरीत गेले, मी केस पुसत उभी असताना. मी ओरडले तर म्हणाले, सरहद्द खुली आहे ना. नवऱ्याकडे बघितलं, तो मोज्यांच्या घड्या करत बसला होता. मी दुसऱ्या दिवशी करार मोडला, तर भावोजींनी माझा जाहीर निषेध केला. खेळात तसं बटण आहे. आता ते तीन आठवडे माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलेनात, मला कुठे त्यांच्याशी गप्पा छाटायच्या आहेत!

ती बाई रोज असते. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं असतं, ते कुणासाठी हे कुणी म्हणत नाही. दुपारपर्यंत ते रिकामं आणि धुतलेलं असतं.

१५ जानेवारी

आज नवऱ्याला धरूनच बसले. सांगितल्याशिवाय खाली सोडणार नाही म्हटलं. शेवटी बोलला, हळू आवाजात, जणू सर्दीचं औषध सांगतोय.

ती माझी थोरली जाऊ आहे. भावोजींची बायको. तिचा रंग जांभळा होता. सहा वर्षांपूर्वी तिचं शेवटचं शहर पडलं. तेव्हापासून ती डावात नाही, आणि जी डावात नाही ती घरात नाही. तिच्याशी बोलत नाहीत, तिच्याकडे बघत नाहीत, तिचं नाव घेत नाहीत. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, दारही उघडंच असतं. फक्त ती नाही.

मी आधी हसले. मग सांगितलं की हा शुद्ध आचरटपणा आहे, आत्ता खाली जाते आणि तिला हाताला धरून वर आणते. गेलेही. तिच्या खांद्यावर हात ठेवला, चला वहिनी, म्हटलं. तिने माझा हात काढून बाजूला ठेवला आणि पुढचं खोकं घेतलं. तिच्या बोटांवर खळीची पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेली साल होती. पुतणी, तिची पोटची पोर, दोन हात अंतरावर उभी राहून पुठ्ठे मोजत होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

कसली माणसं आहेत ही?

२० जानेवारी

स्वतःची लाज वाटेल अशी गोष्ट लिहितेय. आज घाईत पुठ्ठ्यांचा गठ्ठा खाली आणला आणि कोपऱ्यात ठेवला. ठेवला तो थोरलीच्या पायांवर. ती तिथे बसलेली होती. मला दिसली नाही. म्हणजे दिसली असणार, पण — पाच-सहा दिवस सगळे करतात तसं करत होते, वाद नको म्हणून, तर डोळ्यांना सवयच लागली. एवढ्यात? पाच दिवसांत?

मी माफी मागितली. तिने गठ्ठा आपल्या आपण उचलून बाजूला केला.

२३ जानेवारी

भिंगरीला खुर्ची मिळाली. लाल रंग. सासूबाईंनी स्वतःची दोन गावं दिली आणि मांडीवर घेऊन शिकवतायत, कुठे तटबंदी करायची, घोडदळ कुठे लपवायचं. पोर भलती हुशार. तीन दिवसांत नवऱ्याचं एक ठाणं उडवलं तिने, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळेतून येते ती दप्तर फेकून थेट आजीकडे.

मी नको म्हटलं होतं. ती लहान आहे म्हटलं. सासूबाई म्हणाल्या की खेळात नसलं तर या घरात मुलाला कोण बघणार? अगदी मायेने म्हणाल्या. मला पुठ्ठ्यांचा तो गठ्ठा आठवला.

२ फेब्रुवारी

निषेधाचे दिवस संपले आणि भावोजींनी युद्ध पुकारलं. माझी चार गावं, राखायला तिरंदाजांच्या दोन तुकड्या. विस्ताराच्या हावेपायी सैन्याकडे कानाडोळा केला, तो आता भोवला. नदीकाठचं गाव पहिल्याच दिवशी पडलं. जेवून वर गेले तर गॅलरीच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं होतं आणि माझ्या कुंड्या जिन्यात.

नवऱ्याकडे मदत मागितली तर म्हणतो, आता माझे सगळ्यांशी तह आहेत, मोडता येत नाहीत. तुझी बायको आहे ना मी? हो, म्हणाला, म्हणून तर तह आहे. आणि हसला. मेल्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

५ फेब्रुवारी

चौथं गावही गेलं. कपाटाचा खण पुतणीने रिकामा केला, माझ्या साड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट घडी घालून. वर लेबलसुद्धा लावलं होतं.

आज तिला विचारलं. खोकं घेताना मनगट धरलं आणि विचारलं, तुझ्या आईचं शेवटचं शहर कुणी घेतलं? ती म्हणाली, मी. बाकीच्यांनी कसं घ्यायचं? शेवटचं शहर त्या माणसाच्या मुलानेच घ्यायचं असतं. म्हणजे मग पुढे रडारड होत नाही, आपल्याच हाताने झालेलं असतं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सांगताना तिची पापणीसुद्धा हलली नाही.

भिंगरीला खुर्ची का दिली ते आत्ता कळलं. माझ्याच पोरीच्या हातून — आणि मग माझीच पोर मला —

नाही. आम्ही इथे राहत नाही.

६ फेब्रुवारी

नाही जमलं.

सकाळी शाळेच्या नावाने निघालो. कुणी अडवलं नाही. सासूबाईंनी दार उघडून धरलं, डबा घेतलास का विचारलं. गल्लीच्या टोकाला भिंगरीला सांगितलं की आपण परत जातोय. ती तिथेच बसली. पाच वाजता माझी खेळी आहे, म्हणून किंचाळायला लागली. ओढली मी तिला, होय, ओढली. लोक जमले. मग हा आला, सावकाश, तिची पाण्याची बाटली घेऊन. भिंगरी त्याच्या गळ्यात पडली. दत्तकाचे कागद आहेत, तो रीतसर बाप आहे. मीच आनंदाने सह्या केल्या होत्या. लोक मला म्हणाले, बाई, पोरीला कशाला छळता, जाऊ दे तिला बापाबरोबर घरी.

मला एकटीला जाता येतं. दार उघडंच आहे. पण मी गेले तर तिला मी नाहीच. थोरली का गेली नाही हे आता मला कुणी सांगायला नको.

९ फेब्रुवारी

उरली दोन गावं, खुर्ची आणि ओटा. सासूबाईंना खंडणी देऊन भावोजींशी तह करवून घेतला. ओट्यावरची माझी दुपार त्यांना दिली. श्वास घ्यायला थोडा वेळ मिळाला.

तक्रार खिडकीवर शिकले होते, समोरचा ऐकतच नसेल तर त्याच्याच नियमांचं पुस्तक उघडायचं. म्हणून आज माझ्या खेळीत घाई केली नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून बसलेले, मी एकेक यादी उघडून वाचत होते. आहेरातल्या दोन्ही गावांच्या माहितीत लिहिलंय: मूळ राज्य जांभळं. आणि खाली एक बटण, मूळ मालकाला परत करा.

जांभळ्याला एक जरी गाव मिळालं तर जांभळा पुन्हा जिवंत. पटावर होतं तेच घरात होतं. मग बघू कोण तिला बघत नाही ते! आणि मला एक सोबतीण मिळेल, भावोजींविरुद्ध उभी राहणारी. मी तिला परत आणलंय म्हटल्यावर ती काय माझ्या विरुद्ध जाईल?

१० फेब्रुवारी

केलं. ओट्याचं गाव दिलं.

पडद्यावर जांभळा ठिपका उमटला, तुतारी वाजली. सगळ्या खुर्च्या एकदम वळल्या. सासूबाई उठल्या, जिन्याशी गेल्या आणि खाली हाक मारली, अगं, चहा गार होतोय, किती वेळ. जणू ती कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली होती.

ती आली. पायऱ्या एकेक करून. पुतणीने उठून खुर्ची ओढून दिली आणि आई, बस, म्हणाली. आई म्हणाली! सहा वर्षांनी! भावोजींनी तिच्याकडे साखर सरकवली. मला हुंदका आवरेना, मी एकटीच रडत होते. थोरलीने खळीने भरलेल्या हातांनी माऊस धरला, आणि बराच वेळ नकाशा बघत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सवय नसेल, असं मनाला समजावलं.

१३ फेब्रुवारी

थोरलीला ओटा मिळाला, आता स्वयंपाक ती करते. हाताला चव आहे. बोलते कमी, पण पुतणी तिच्या मागेमागे असते, शाळेतलं सांगते, मान तिच्या खांद्यावर टाकते. थोरली अगदी स्थिर बसते तेव्हा. हलली तर पोर उडून जाईल अशी.

आज तिने माझ्याकडे खुली सरहद्द मागितली. तिचं गाव माझ्या राजधानीला चिकटून आहे, इतर कुठून वाट नाही. मी दिली. तिला नाही म्हणायला मन कसं होणार?

१६ फेब्रुवारी

तिला तोफा सासूबाईंनी दिल्या. तोफांमागे घोडदळ भावोजींनी. ते सगळं माझ्याच राज्यातून, माझ्याच रस्त्यांवरून, खुल्या सरहद्दीतून आलं आणि माझ्या वेशीभोवती उभं राहिलं. शेतं जाळली, रस्ते उखडले, दोन्ही तुकड्या कापून काढल्या. शहर तेवढं ठेवलं.

मी ओट्याशी जाऊन तिला विचारलं, का? मी तुला वर आणलं, का? ती भाजी चिरत होती. म्हणाली, तुझी मुलगी आठ वर्षांची आहे. माझीला पुढच्या वर्षी अठरा होतील, ती कुठेतरी निघून जाईल, माझ्याकडे एवढंच वर्ष आहे. इथे कुणीतरी खाली लागतंच. तू असशील नाहीतर मी असेन. आणि मला म्हणाली, सुरुवातीला फार बोलू नकोस, घसा बसतो नुसता.

तिची चिरायची लय एकदाही चुकली नाही.

१७ फेब्रुवारी

आज सगळ्यांनी माझ्याशी तह केला. काळा, पांढरा, पिवळा, हिरवा, जांभळा. एकापाठोपाठ एक, कुणी काही मागितलं नाही. भिंगरीनेही केला, आजीने सांगितला म्हणून. बाकीच्यांचे तह कायमचे. तिचा दहा खेळ्यांचा.

म्हणजे दहा दिवस.

१९ फेब्रुवारी

सगळे फार गोड वागतायत. वरण वाढ म्हटलं की दोनदा वाढतात. नवऱ्याने डोकं दाबून दिलं. मी हात झटकला तर म्हणाला, आता कशाला भांडतेस, थोडेच तर दिवस. हा माणूस मला आवडला होता. मला!

तट बांधायला घेतलाय. दगड नाही. कुणी विकत नाही.

२१ फेब्रुवारी

भिंगरीला शाळेच्या वाटेवर सांगितलं, माझं शहर घेऊ नकोस. ती म्हणाली, बरं. मी विचारलं, नक्की? तिने गळ्याची शपथ घेतली. मला वाटलं सुटले. संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून तिने विचारलं, नाही घेतलं तर? सासूबाईंनी सांगितलं, तर लाल रंगाला सगळे घेतील. मग तू खाली. मग तुला आई पण बघणार नाही, तिची खुर्ची असेल ना.

मी तिथेच होते. मी ओरडले की खोटं आहे, मी बघेन, मी तुला कायम बघेन. भिंगरी माझ्याकडे बघत होती. तिला आठवत असणार. पुठ्ठ्यांचा गठ्ठा थोरलीच्या पायांवर ठेवला तेव्हा ती जिन्यात उभी होती.

२४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर फोडायचा ठरवला. हातोडी घेतली. मधल्या खोलीत पाचही जण बसलेले, कुणी उठलं नाही. सासूबाई म्हणाल्या, फोड. डाव जिथे थांबेल तिथे कायमचा थांबेल, तुझ्या भोवती पाच सैन्यं, आणि पुढची खेळी कधीच नाही, तर थोरली काय करेल, भिंगरीचं काय होईल, विचार कर. मला नीट कळलं नाही. पण भिंगरीचं नाव ऐकून थांबले. हातोडी भावोजींनी हळूच काढून घेतली, लहान मुलाकडून घ्यावी तशी.

फोडायला हवा होता. फोडायलाच हवा होता —

२६ फेब्रुवारी

उद्या.

भिंगरी जेवली नाही. मीही. तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, आई, तू घरातच असणार ना. मी म्हटलं, हो गं. मग ती म्हणाली, मग काय झालं.

सगळ्यांचे चेहरे आठवून ठेवतेय. नाही, तिचाच. डाव्या भुवईत तीळ. पुढचा दात अर्धा आलेला.

२७ फेब्रुवारी

भिंतीकडे तोंड. रंगाचा पोपडा निघालेला, त्याचा आकार बघत होते. मागे तिची खुर्ची सरकली. आजी कुजबुजली. मग बराच वेळ काही नाही. एवढा वेळ की मला वाटलं —

टिक.

तुतारी नाही. राज्य संपल्यावर तुतारी वाजत नाही, ते मला माहीत नव्हतं.

वळले. भिंगरी डोळे गच्च मिटून रडत होती. मी हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. थोरलीने माझी खुर्ची उचलून भिंतीला लावली.

१ मार्च

ती जमिनीकडे बघते. मी समोर आले की जमिनीकडे. रडते अजून. म्हणजे आहे मी. रडतेय तोवर आहे.

ताट ओट्यावर झाकलेलं असतं. खाल्लं नाही.

४ मार्च

घसा बसला.

आज ती रडली नाही. जिन्यात मला वळसा घालून गेली, गाणं म्हणत. वेणी थोरलीने घातली. भांग वाकडा. मी सांगितलं, भांग वाकडा आहे गं. सांगितलं — आवाज निघाला का?

टेम्पोवाल्याच्या, दूधवाल्याच्या, सगळ्यांच्या तोंडासमोर उभी राहिले. दूधवाल्याने पिशवी माझ्या हातात नाही, दाराच्या कडीला —

९ मार्च

ती मला धडकली. पळत आली आणि सरळ धडकली, पडली. वर बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे. आजी, इथे काय ठेवलंय, म्हणाली.

खोटं नाही बोलत ती. मला तिचं खोटं ओळखता येतं. ते खोटं नव्हतं.

१० मार्च

खाली बसलेय, कोपऱ्यात. खळ गार असते. एक खोकं केलं, मग दुसरं.

लिहितेय तोवर — तारीख घालतेय तोवर मी —

भिंगरी आलीय खाली. एकटी. काहीतरी शोधतेय. खेळीचे बेत लिहायला कागद हवाय तिला, पुठ्ठे उलटेपालटे करतेय. इकडे बघतेय. माझ्याकडे — नाही. वहीकडे. येतेय. मागची कोरी पानं आहेत अजून, बरीच आहेत. भिंगरे, अगं थांब, सोन्या, मी लिहितेय, आई लिहितेय, ओढू नकोस, माझा हात आहे तो, हा बघ, माझा हा